उजवीकडे वळणाऱ्या चकत्या

माझ्या मोठ्या भावानं परदेशातून येताना बायकोसाठी कोट आणला, आईसाठी पाय दाबायचं यंत्र आणलं आणि स्वतःसाठी पिशवीभर प्लास्टिकच्या चकत्या आणल्या. आईनं त्यातली एक उलटसुलट करून पाहिली.

"ह्या ताटल्या कायले आनल्या रे? याच्यात तं वरन बी रायनार नाई."

"फेकाच्या हायेत, माय."

"फेकाच्याच होत्या तं आनल्या कायले?"

दादा खूप हसला. तेव्हा तो चाळिशीचा होता. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, दोन वर्षं बाहेर काढलेली, आणि आता घरूनच काम करायची मुभा मिळालेली. म्हणून तो आणि वहिनी पुणं सोडून घाटंजीला आईजवळ राहायला आले होते. मी इथल्याच एका शाळेत खेळ शिकवते. माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर. कॉलेजात असताना मी थाळीफेकीत विद्यापीठापर्यंत गेलेली, त्यामुळे सोबत खेळायला त्यानं मलाच धरलं.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. गोल्फसारखाच, फक्त चेंडूऐवजी चकती, आणि खड्ड्याच्या जागी साखळ्यांची टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. टोपल्या आमच्याकडे कुठून येणार? गावाबाहेर आमचा दोन एकरांचा बरड तुकडा आहे, नाल्याला लागून. दगडगोटे इतके की तिथं कधी काही पेरलं नाही. दादानं तिथं कुंपणाचे नऊ सिमेंटचे खांब रोवून घेतले आणि डोक्याशी पांढरा रंग दिला. चकती खांबाला लागली की झालं. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथं जायचो. थर्मासात चहा, पिशवीत चकत्या, आणि मी शाळेतून मैदान आखायची थोडी फक्की आणलेली असायची.

फक्की लागायची ती तिसऱ्या खांबासाठी.

तिसऱ्या खांबाकडे फेकायला एका काळ्या खडकावर उभं राहावं लागे. समोर उजव्या हाताला मोहाचं मोठं झाड, डाव्या हाताला नाला, आणि खांब झाडाच्या मागे, उजवीकडे लपलेला. उजव्या हातानं छातीपासून बाहेर फेकलेली चकती वेग ओसरला की शेवटी डावीकडे उतरते, म्हणजे थेट नाल्यात. इथं तिनं उलट करायला हवं होतं. झाडाच्या डावीकडून निघायचं आणि पुढे उजवीकडे वळायचं. या फेकीला टर्नओव्हर म्हणतात. पालथ्या हाताऐवजी सुलट्या हातानं, पोरं पाण्यावर खापरी फेकतात तशी फेकली तर चकती आपसूक उजवीकडे जाते, पण दादाचं कोपर तसं फेकताना दुखायचं. "आणि ती पळवाट हाय," असंही तो म्हणायचा.

टर्नओव्हरसाठी चकती अंडरस्टेबल, म्हणजे वेगात असताना सहज उजवीकडे वळणारी, लागते. प्रत्येक चकतीवर चार आकडे छापलेले असतात: तिला किती वेग लागतो, ती किती तरंगते, वेगात असताना उजवीकडे किती वळते आणि शेवटी डावीकडे किती उतरते. तिसरा आकडा उणे एक असेल तर चकती जेमतेम वळते, उणे तीन असेल तर भरपूर. दादाकडे लांब पल्ल्याच्या अशा तीन होत्या. लाल, उणे दोनची. निळी पण तीच, फक्त जुनी, दगडाझाडांवर आपटून कडा घासलेली, त्यामुळे लालपेक्षा जास्त वळणारी. आणि पिवळी, वजनाला हलकी, उणे तीनची.

त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही तिन्ही चकत्यांची पारखच मांडली. प्रत्येक चकती दहा वेळा, खडकावरून, एकाच पद्धतीनं. जिथं पडेल तिथं मी फक्कीची चिमूट टाकायची. दादा ऐंशी मीटरच्या आसपास फेकायचा. अंगात ताकद माझ्या जास्त होती, पण हात त्याचा सफाईदार होता. त्याची लाल सरळ निघायची, झाडाजवळ उजव्या अंगावर कलायची आणि तशीच कलती राहून खांबाच्या चार-पाच पावलांत बसायची. निळी लवकर वळून खांब ओलांडून जायची. पिवळीला सपाट सोडलं की ती उलथून जमिनीवर घसरायची. तिला हातातच डावीकडे कलती धरून सोडावं लागे. मग ती हवेत सपाट व्हायची आणि पुढे मोठा बाक घेऊन उजवीकडे जायची.

"लालच खरी," दादानं निकाल दिला. "सांगितलं तेवढंच वळते. निळीचा भरोसा नाई. पिवळी कमजोर हातवाल्यासाठी हाय. म्हाताऱ्यायसाठी."

"तं ठेवून दे माह्यासाठी," मी म्हणाले.

"तुह्यासाठी नाई व. तुह्या हातानं तं ते आभायात कोलांटी मारन."

उन्हाळ्यात बरडावर पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात गवत छातीपर्यंत येतं. खेळ पुन्हा सुरू झाला तो दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी आटोपताना. पहिल्या रविवारी दादानं लाल फेकली. ती सरळ गेली, वळली नाही, आणि डावीकडे नाल्यात उतरली. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

"वारा पाठीमागून हाय," दादा म्हणाला. ते खरं होतं. पाठून वारा असला की चकती कमी वळते. पुढच्या रविवारी वारा समोरून होता. लाल तरी नाल्यातच गेली.

मग दादा म्हणाला की उन्हाळाभर गाडीत राहून तिचं प्लास्टिक बिघडलं. त्यानं निळी घेतली. गेल्या वर्षी खांब ओलांडणारी निळी आता बरोब्बर खांबाशी बसू लागली. तो खुश झाला. मीही त्याच्यासारखीच खुश झाल्याचं दाखवलं. पण मी रोज दीडशे मुलामुलींचे हात पाहते. कोणाचा खांदा दुखतोय, कोण जोर चोरतंय, हे मला लांबून कळतं. चकती वळायला वेग लागतो. वेग कमी पडला की उणे दोनवाली सरळ जाते आणि उणे तीनवाली उणे दोनसारखी वागते. चकत्या होत्या तशाच होत्या.

संक्रांतीला निळीही सरळ जाऊ लागली. त्या दिवशी चहा पिताना त्यानं कप डाव्या हातात घेतला. उजवा हात मांडीवर होता. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला जो उंचवटा असतो, तो बसून तिथं खळगा पडला होता. डाव्या हाताला तसं नव्हतं.

"हात दुखून राह्यला का दादा?"

"दुखत नाई. माऊस पकडून पकडून अकडते. काहून?"

"काई नाई."

तेवढंच बोलले मी. परत आल्यावर वहिनीला बाजूला घेऊन मात्र सांगितलं की त्याला डॉक्टरला दाखवा. तिनं काहीतरी पाहिलंच होतं. शर्टाची वरची गुंडी लावायला तो तिला हाक मारू लागला होता. तिनं नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली, फेब्रुवारीतली. दादा कुरकुरला, पण तयार झाला.

आता उरली होती पिवळी. ती अजून वळत होती, आता सपाट सोडली तरी. म्हाताऱ्यांची चकती, पण त्यावर तो काही बोलत नव्हता, आणि मीही नाही. मग एका रविवारी तीही वळली नाही. दहाच्या दहा फेकी नाल्याच्या काठाला. मी फक्की टाकत गेले. शेवटच्या दोन वेळा चकती त्याच्या हातातून आधीच सुटली. तो खडकावर बसला आणि कितीतरी वेळ आपल्या पंज्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हेच मागच्या वर्षी मी डोळे बंद करून फेको."

मला ते पाहवलं नाही. पुढे मी जे केलं त्याचं एवढंच कारण देता येतं.

दादानंच मला कधीतरी सांगितलं होतं की चकती जितकी आपटेल, घासेल, तितकी जास्त वळते. मी सरावाला म्हणून पिवळी मागून घेतली. त्या आठवड्यात शाळा सकाळची होती. रोज दुपारी मी एकटी बरडावर जायची आणि पिवळी दहा पावलांवरून सिमेंटच्या खांबावर आपटायची. शंभर वेळा, दीडशे वेळा. कड फाटल्यासारखी झाली की ती पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायची. शनिवारी मी ती खडकावरून अगदी हळू फेकून पाहिली. ती वळली.

रविवारी दादाच्या हातून ती मोहाच्या डावीकडून निघाली, उजव्या अंगावर कलली आणि झाडाच्या मागे गेली. खांबाला लागल्याचा आवाज आला. दादा ओरडलाच, "वयली! पाय, वयली!" तो खडकावरून उडी मारून धावत गेला. त्यानं ती पुन्हा फेकली, पुन्हा वळली. घरी आल्यावर त्यानं वहिनीला अंगणातूनच सांगितलं, "डॉक्टरले फोन करून दे, येत नाई म्हन. हात मोकया झाला."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी खेळ शिकवणारी बाई, हातापायाचं मला कळतं अशी तिची समजूत. "ताई, तुमाले काय वाटते? जावं का नाई?"

मी म्हणाले, "बरा वाटून राह्यला. पाहू काही दिवस."

त्यानंतरचे दोन महिने मी ते काम नेमानं केलं. तो जितका कमजोर होत गेला, तितकी मी पिवळी झिजवत गेले. तो रविवारची वाट पाहायचा. आईला पुसदला मावशीकडे घेऊन गेला, वहिनीसोबत दोनदा यवतमाळला सिनेमाला गेला. कधी पायात पाय अडकायचा, चमचा खाली पडायचा. पण रविवारी चकती वळली की त्याला ते विसरायला पुरायचं.

चैत्रात एका सकाळी त्यानं चकत्या धुवायला काढल्या. मी पोचले तर तो ओट्यावर बसलेला, पिवळी मांडीवर, आणि डाव्या हाताचं बोट तिच्या कडेवरून फिरवत होता. कडेच्या आतल्या खाचेत राखाडी पूड होती. तिथं पॉलिश पेपर पोचत नव्हता.

"हे सिमेंट हाय," तो म्हणाला.

मी चपला काढून ओट्याच्या कडेशी बसले.

"मी खांबाले आठवड्यातून चारदा लावतो, लय झालं तं. हे इतकं कशानं झालं?"

"दादा, मी..."

"कवापासून?"

"संक्रांतीनंतर."

तो ओरडला असता तर मला बरं झालं असतं. तो हळू आवाजात, एकेक शब्द मोजून बोलला. "मी दोन महिने रोज सकायी उठून समजून राह्यलो होतो का मी बरा होऊन राह्यलो. तुले मालूम होतं मी नाई होऊन राह्यलो. आन तू चहा पीत बसे माह्यासोबत."

"मले वाटलं तुले जरा बरं वाटन."

"मले नाई. तुले पाहाले बरं वाटावं म्हनून केलं तू."

ते खरं होतं. त्या क्षणी मला ते पटलं नाही, पण खरं तेच होतं.

आठवड्याभरात आम्ही तिघं नागपूरला गेलो. सुया टोचून नसांची तपासणी झाली, पाठीचा फोटो झाला, रक्त झालं. दोन खेपा झाल्यावर डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं. हालचालीच्या नसा मरत जातात. हातापासून सुरू झालंय, पुढे पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. समजणं शेवटपर्यंत राहतं. बरं करणारं औषध नाही. एक गोळी आहे, तिनं वेग थोडासा कमी होतो.

दादा आणि वहिनी बाहेर गेल्यावर मी परत आत गेले आणि विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर?

डॉक्टर फाईल बंद करत म्हणाले, "फारसा फरक पडला नसता."

गाडीत बसल्यावर तो एक शब्द माझ्या डोक्यातून जाईना. फारसा. काहीच नाही असं ते म्हणाले नव्हते. किती म्हणजे फारसा? आठ दिवस? गुंडी लावता आली असती असे आठ दिवस? दादा पुढच्या सीटवर होता. कळंब ओलांडलं. मग तो मागे न वळता म्हणाला, "इथून पुढं मले खरं सांगत जाय. बाकी काहीबी कर."

मी सांगत गेले. त्या उन्हाळ्यात उजवा हात कोपरापर्यंत गेला, तेव्हा सांगितलं. चालताना डावा पाय ओढतोय, तेव्हा सांगितलं. एकदा त्यानं बरडावर जायचा हट्ट धरला. कमरेला धरून मी त्याला खडकावर उभं केलं. त्यानं दोन्ही हातांनी पिवळी धरली आणि फेकली. ती सहा पावलांवर पडली. त्यानं विचारलं, "किती?" मी म्हणाले, "सहा पावलं. डावीकडे." तो म्हणाला, "हां," आणि घरी चल म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात तो चाकाच्या खुर्चीत होता. बरडाच्या बांधापर्यंत गाडी जायची, तिथून मी आणि वहिनी खुर्ची उचलून न्यायचो. आता फेकायची मी, आणि पाहायचा तो. त्याची जीभ जड झाली होती, पण शिकवण्यात तो कठोर झाला होता. माझ्या हातून लाल जेमतेम वळायची, कारण मी चकतीचं तोंड वर उचलून सोडायची.

"नाक खाली," तो म्हणायचा. ते "नाऽ खाई" असं ऐकू यायचं.

"खालीच हाय."

"नाई. पुन्हा."

पिवळी मी कशीही सोडली तरी उलथून दगडांवर घसरत जायची. माझ्या हाताला ती चालणारच नव्हती. तरी तो प्रत्येक वेळी तिन्ही फेकायला लावायचा, आणि मान हलवता यायची तोवर मानेनं, नंतर डोळ्यांनी सांगायचा, कोणती बरी. एकदा मी चिडून म्हणाले, पुरे झालं, हात भरून आला. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि ते वाक्य कोणासमोर बोलले हे माझ्या लक्षात आलं. मी पुन्हा खडकावर चढले.

तिसऱ्या वर्षी बोलणं बंद झालं, मग नळीतून खाणं. आईला आम्ही खरं सगळं सांगितलं नव्हतं. तिला दिसत होतंच. ती दुपारभर त्याचे पाय चोळत बसायची, यंत्रानं नाही, हातानं. मार्चमध्ये एका दुपारी, मी शाळेत नववीच्या मुलींना उंच उडी शिकवत असताना वहिनीचा फोन आला. मी पोचले तेव्हा ती त्याच्या उशाशी उभी होती आणि पंखा बंद केलेला होता.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. मी भांडी आवरायला थांबले होते. वहिनी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं पाठमोरीच विचारलं, "ताई, यायच्या हाताचं तुमाले पहिल्यांदा कवा समजलं?"

दादानं तिला सांगितलं नव्हतं. तीन वर्षं मला वाटत आलं की सांगितलं असेल, आणि तिनं पोटात घातलं असेल. मी तिला सगळं सांगितलं. फक्कीच्या खुणा, खांब, पॉलिश पेपर, आणि तिनं मला अंगणात विचारलं होतं तेव्हा मी काय उत्तर दिलं तेही.

तिनं हातातली चादर घडी केली. मग दुसरी घेतली. मी दुसरं टोक धरायला पुढे झाले, तर तिनं ती आपल्याकडे ओढून घेतली आणि एकटीनंच घडी केली.

"ते दोन महिने हे खुश होते," ती म्हणाली. "मी बी होती. लग्नानंतर इतकी कवा नव्हती."

मी रडू लागले. मला वाटलं, ती मला मोकळं करते आहे.

"पन ते तुमी ठरवाचं नव्हतं, ताई. मी तुमाले इचारलं होतं. मी तुमाले इथंच उभं राहून इचारलं होतं."

जूनमध्ये ती पुसदला माहेरी गेली. तिथं एका इंग्रजी शाळेत तिला नोकरी मिळाली आहे. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो, माझ्याच मोबाईलवर, कारण आईला फोन चालवता येत नाही. ती माझी तब्येत विचारते, शाळा विचारते, अजून ताईच म्हणते. मग म्हणते, "आईले द्या." मी फोन आईच्या कानाला लावते आणि दोघींचं होईपर्यंत तो धरून बाजूला उभी राहते.